अंगठ्याचा ब्रेक

मामाची गाडी खोलायले घेतली तेव्हा मले कार्बोरेटर कोणता अन् मॅग्नेटो कोणता हेही धड माहीत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायले नको की हिले सगळं येत होतं अन् हिनं मुद्दाम केलं. तसं एक काम मी मुद्दामच केलं. तेच सांगाले हे लिहून राहिली.

गाडी म्हणजे जुनी मोटरसायकल, साडेतीनशे सीसीची. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, आताच्या गाड्यांच्या एकदम उलटं. मामा कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये फिटर होते. तिथंच एका रोलरखाली त्यायचा डावा पाय सापडला. कापावा नाही लागला, पण घोट्यातून पक्का लाकूड झाला. वर होत नाही, खाली होत नाही. चालताना ते तो पाय बाजूनं फेकत आणतात. लहानपणी आम्ही सगळी पोट्टी त्यायच्या मागं रांगेनं तशीच पाय फेकत चालायचो. मामी आमच्या अंगावर धावायची. मामा फक्त मागं वळून पाहायचे अन् मले म्हणायचे, "तुह्यात दम नाही वं. जरा आणखी फेक."

मामा असेच आहेत. त्यायच्याकडून कोणाले गोड शब्द मिळाला असं मले आठवत नाही.

तरी त्या पायानं त्यायनं वीस-बावीस वर्षं गाडी चालवली. कॉलनीतून प्लांटवर, प्लांटवरून बाजारात, कधी शहरात, अन् मागं नेहमी एकच माणूस. त्यायचा दोस्त, प्लांटमधलाच वेल्डर. रिटायर झाल्यावर मामा नागपुरात सक्करदऱ्याले आमच्या घराजवळ राहाले आले, दोस्तानं तिकडेच कोराडीले कॉलनीच्या मागं घर बांधलं. गाडी मामाच्या अंगणात टिनाखाली उभी राहिली, कूलरच्या जुन्या जाळ्यांच्या मागं, दहा वर्षं.

मग या वर्षी बातमी आली की दोस्ताचे डोळे गेले. शुगरनं. त्यायची बायको आधीच वारली होती, तर रायपूरले देलेली पोरगी त्यायले घेऊन जाऊन राहिली, कायमचं. घर विकलं. जायले अडीच महिने होते.

मामा संध्याकाळी आमच्याकडे आले. मी तेव्हा नुकतीच कॉलेज संपवून घरी बसली होती अन् दिवसभर जुन्या गाड्या खोलायचे व्हिडिओ पाहून राहिली होती. मामाले माहीत होतं. आईनं कुरकुर केली होती न.

"गाडी चालू करता येईन का तुले?" मामा म्हणाले.

"येईन," मी म्हटलं. काहीच येत नव्हतं.

"त्याले मागं बसवून कॉलनीची एक चक्कर मारतो. मग जाय म्हणा रायपूरले. तू फक्त इंजिन चालू करून दे. बाकी कशाले हात लावू नको."

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत आमच्या अंगणात आणली. एवढंच होतं काम. एक इंजिन अन् एक चक्कर.

आता ग्रुपबद्दल सांगते, त्याच्याशिवाय हे समजणार नाही. नागपुरात जुन्या गाड्यावाल्यांचा एक ग्रुप आहे. दर रविवारी सकाळी एका पोह्याच्या ठेल्यावर जमतात, तर्री मारलेले पोहे खातात अन् एकमेकांच्या गाडीचे नट-बोल्ट वाकून वाकून पाहतात. त्यायच्यात एकच शब्द चालतो, ओरिजिनल. एखादा स्क्रू जरी दुसऱ्या गाडीचा निघाला की त्या माणसाचं पोहे खाणं बंद करून टाकतात. त्यायच्यात एक पंचेचाळिशीचे भाऊ आहेत, पाच गाड्यावाले. त्यायले सगळे अध्यक्ष म्हणतात, निवडणूक कधी झाली कोणास ठाऊक.

मी पहिल्यांदा गेली तेव्हा माह्याकडे गाडी नव्हती, मोबाईलमध्ये फोटो होते.

"ताई, कोणाच्या मागं बसून आल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोणाच्याच नाही. ऑटोनं आली."

"मग ऑटोच सुधरवा न. तीन चाकं राहतात, पडणार नाही तुम्ही."

सगळे हसले. मी फोन समोर केला. ते एकेक फोटो सरकवत गेले. टाकी गंजलेली, सीट फाटलेली, ठीक आहे, ठीक आहे. मग एका फोटोवर त्यायचं बोट थांबलं.

डाव्या मुठीखाली एक लोखंडी पट्टी होती, अंगठ्याएवढी, तेलानं काळी झालेली. तिच्यातून जाड केबल निघून टाकीखालून मागं जायची. सीटखाली फ्रेमच्या पाइपाले एक तुकडा वेल्ड केला होता, केबल त्याच्यातून मागच्या ब्रेकले. पायाचा ब्रेक गाडीले नव्हताच.

"हे काय लावलं बे?" अध्यक्ष म्हणाले. फोन हातोहात फिरला.

"सायकल होती वाटते आधी."

"लंगड्याची गाडी दिसते."

"लंगड्याची काय, गाडीच लंगडी आहे ही."

त्यायले माहीत नव्हतं मामाबद्दल. मले माहीत होतं. अन् मीच सगळ्यात जास्त हसली. तिथं सतरा-अठरा माणसं खुर्च्यांवर होती अन् मी एकटी उभी होती, मले त्यायच्यात खुर्ची पाहिजे होती. त्या दिवसापासून गाडीचं नाव लंगडी पडलं. पुढच्या रविवारी "लंगडी काय म्हणते?" असं कोणी विचारलं की मी पण म्हणायची, "लंगडी अजून झोपली आहे."

इंजिन मात्र मी मन लावून केलं, ते खोटं नाही. पिस्टन जाम होता. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून ठेवायची अन् रोज सकाळी दात घासायच्या आधी जाऊन किकवर उभी राहायची. हलत नव्हता. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "एवढी माह्या किचनमध्ये उभी राहिली असती तर लग्न झालं असतं." सातव्या दिवशी किक बोटभर खाली गेली. मी तिथंच अंगणात बसली अन् हसत सुटली. मग क्लच प्लेटा, मग मॅग्नेटो, मग कार्बोरेटर तीनदा खोलून तीनदा चुकीचा लावला. एकदा किक उलटी आली अन् नडगीवर असा मार बसला की पंधरा दिवस मी पण मामासारखी चालली. मामा पाहून म्हणाले, "आता जमलं तुले. लहानपणी नाही जमत होतं."

महिन्याभरात गाडी सुरू झाली. तो आवाज, थांबा, तो आवाज कसा सांगू, कोणी पोटात हातोडी मारावी अन् आपल्याले ते आवडावं, तसा. मी व्हिडिओ काढला. मग मामाले फोन लावला अन् तो इंजिनापाशी धरला. ते म्हणाले, "बंद नको करू. चालू राहू दे जरा." पाच मिनिटं दोघं फोन धरून बसलो.

काम तिथं संपलं होतं. मामाचं तरी.

पण रविवारी अध्यक्ष म्हणाले, "सुरू झाली हे ठीक आहे ताई. पण लंगडीले लाइनीत उभी नाही करता येत." लाइनीत म्हणजे ठेल्यासमोर सगळ्या गाड्या एका ओळीत उभ्या राहतात, स्टँडवर, हँडल एकाच बाजूले वळवून. फोटो काढतात त्याचा. माह्या डोक्यात ती लाइन बसली. मी जुन्या पार्ट्सच्या दुकानात पाच वेळा जाऊन पायाचा ब्रेक शोधून काढला, कंपनीचा, शिक्का असलेला. तो हातात घेतल्यावर मले ते पट्टीवालं काम इतकं घाण दिसाले लागलं की पाहवत नव्हतं.

दुपार होती. अंगणात ग्राइंडर लावला, लोखंड कापायची डिस्क चढवून. आई दारात आली.

"ते भाऊचं आहे न वं? पायासाठी केलेलं?"

"आई, कचरा आहे तो. तू आत जाय."

"एकदा विचारून घे त्यायले."

"सरप्राइज आहे त्यायले. तू सांगू नको."

आई जराशी थांबली अन् गेली. माह्या घरात कोणी जास्त वेळ कोणाले अडवत नाही.

मले माहीत होतं, हे लिहितेच आता. लहान असताना मी त्या गाडीच्या टाकीवर बसायची, मामाच्या दोन हातांमध्ये, अन् समोर काही दिसत नव्हतं म्हणून त्यायचा अंगठाच पाहत राहायची. उतार आला, म्हैस आली, ट्रक आला की तो अंगठा खाली जायचा. ते कशासाठी आहे हे माह्याएवढं कोणालेच माहीत नव्हतं. ग्राइंडर हातात असताना मी हिशोब केला. मामा टाचेनं दाबतील. समोरचा ब्रेक आहेच. अन् हेही मनात आलं, तेच खरं: चक्कर एकदाच होणार, रविवार दर आठवड्याले येते. एका चक्करसाठी गाडी घाण काहून ठेवायची.

मोबाईल विटेले टेकवून उभा केला, बोलत बोलत कापलं, अन् हात धुवायच्या आधी व्हिडिओ नेटवर टाकून देला. माह्या सगळ्या व्हिडिओंत तोच सगळ्यात जास्त चालला. खाली हसण्याचे इतके चेहरे आले की मी जेवताना मोजून राहिली होती.

पुढचा महिना रंगात गेला. गर्द मरून, टाकीवर सोनेरी रेघ, रेघेचं काम मी स्वतः श्वास रोखून केलं अन् ती तीन ठिकाणी वाकडी आहे. मामा रोज आमच्याकडे डोकवायचे. मी गाडीवर चादर टाकून समोर उभी.

"पाहू दे वं."

"नाही. शेवटच्या दिवशी."

"माह्या गाडीले माह्यापासूनच लपवते."

चादरीखालून चाक तेवढं दिसायचं. तेवढंच पाहून जायचे.

गाडी आधी ग्रुपनं पाहिली. मामाच्या आधी, हो. अध्यक्ष गुडघ्यावर बसले, फ्रेमवरून बोट फिरवलं, जिथून तो तुकडा कापला होता तिथं थांबले, काही लागलं नाही. मी घासून घासून गुळगुळीत केलं होतं.

"आता सरळ चालते," ते म्हणाले. मग मागं वळून, "ताईले खुर्ची द्या बे."

मले खुर्ची भेटली.

त्याच आठवड्यात गुरुवारी मामाची पाळी. शुक्रवारी दोस्त जाणार होता. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले, इन करून, दाढी करून. मामीनं डब्यात पाटोडी देली होती दोस्तासाठी. गल्लीतले चार-सहा जण गोळा झाले. मी एका हातात मोबाईल धरून चादर ओढली.

मामानं गाडीभोवती एक फेरी मारली, पाय फेकत. "रंग बरा केला," म्हणाले. त्यायच्या तोंडून हे म्हणजे खूप झालं. मग बसले. बसल्याबरोबर डाव्या हाताचा अंगठा मुठीखाली गेला. तिथं काही नव्हतं. परत गेला. मग त्यायनं हात उचलून आपला अंगठाच पाहिला, जसं काही त्यालेच झालं असंल.

"इथलं कुठं आहे?"

"काढलं मामा. पायाचा ब्रेक टाकला, कंपनीचा. खूप शोधला."

"कोणाच्या पायाचा?"

मी मोबाईल दुसऱ्या हातात घेतला. 

"असू दे," मामा म्हणाले. "समोरचा आहे न."

पहिल्याच किकमध्ये सुरू झाली. मामा निघाले. चाळीस-पन्नास पावलं मस्त गेले, पाठ सरळ, अन् मी व्हिडिओ काढून राहिली होती. मग वळणावरून एक ई-रिक्षा आली. त्यायनं पाय उचलला. घोटा हलत नाही तर सगळा पाय मांडीतून उचलावा लागला, अन् तो ब्रेकवर पडायच्या ऐवजी ब्रेकच्या मागं जाऊन अडकला. घाबरून समोरचा दाबला. खाली रेती होती. गाडी त्यायच्यासकट डाव्या अंगावर आडवी झाली. जोरात नाही, सावकाश, सगळ्यांना नीट दिसंल इतकी सावकाश.

मी धावली. अन् आधी टाकी पाहिली. तिच्यावर पोचा आला होता, रेघेच्या बरोबर खाली. मग मामाले उचललं.

समोरच्या घरातले एक जण गेटमधूनच म्हणाले, "मामा, आता तीनचाकी घ्या, लहान पोट्ट्यांची राहते तशी."

"घेतो," मामा म्हणाले. "तुम्ही धक्का माराले येत असाल तर."

कोपर सोललं होतं. शर्ट मळला होता. त्यायनं तो परत इन केला अन् मले म्हणाले, "चालव तू. तो वाट पाहून राहिला असंल."

कोराडीपर्यंत मामा माह्या मागं बसून होते. कोणी मागं बसलं की खांद्याले तरी धरते. मामानं सीटच्या मागचा दांडा धरला होता. कोळशाचे ट्रक बाजूनं गेले की मले वाटायचं आता धरतील. नाही धरलं.

दोस्ताच्या घरी अंगणात खोके बांधून ठेवले होते. ते खाटेवर बसले होते, अन् आमचा आवाज गल्लीत शिरला तेव्हापासूनच उभे राहून राहिले होते, काठी शोधत.

"जयभीम, आला का बे?" ते म्हणाले. "गाडीचा आवाज सुधरला. तुहा काही सुधरला नसंल."

"जयभीम. तुले दिसत नाही हे चांगलं झालं," मामा म्हणाले. "मी आणखी काळा झालो."

दोघं हसले. मामाचे दोस्त, आमचे काका, गाडीपाशी आले अन् हात लावायले सुरुवात केली. लाइट, हँडल, टाकी. पोच्यावर हात थांबला.

"पाडली?"

"हाओ."

"कधी?"

"आताच."

"तू?"

"नाही तर काय तुह्या बापानं."

मग हात डाव्या मुठीवर गेला. मुठीखाली गेला.  त्यायनं दोनदा चाचपलं, मग केबल जायची त्या वाटेनं हात टाकीखालून मागं नेला, सीटखाली, फ्रेमवर. बोटं त्या गुळगुळीत जागेवर फिरत राहिली.

"माह्यं काम कुठं आहे?"

मामानं माह्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुटलं ते."

"तुटलं? पट्टी तुटली का वेल्ड तुटलं?"

"वेल्ड."

मले वाटते मामानं विचार न करता सांगितलं. मले वाचवाले सांगितलं. पण काकांचा चेहरा एकदम उतरला. ते काठी टेकत टेकत खाटेवर जाऊन बसले.

"वेल्ड नाही तुटत," ते म्हणाले. "माह्यं वेल्ड कसं तुटंल?"

"जुनं झालं बावा. सोड न."

"तेव्हा मले चांगलं दिसत होतं."

त्यायची पोरगी चहा घेऊन आली. कोणी घेतला नाही. मामा म्हणाले, "चल, उठ, हिच्या मागं बस. पोट्टी चांगली चालवते. एक चक्कर मारून आण म्हणतो हिले."

"पोट्टीच्या मागं कशाले बसू?" काका म्हणाले. "रायपूरले जावयाच्या मागं बसायचंच आहे मले रोज."

झालं. चक्कर तिथंच संपली.  मले शांतता सहन होत नाही, कधीच होत नाही. मी फोन काढला. "काका, इंजिन पहिल्यांदा सुरू झालं न, त्याचा व्हिडिओ आहे. ऐका."

पोरगीनं फोन घेतला अन् त्यायच्या कानापाशी धरला. इंजिन सुरू झालं. काका मान वाकडी करून ऐकत राहिले. "टायमिंग थोडं पुढं आहे," म्हणाले, अन् जरासे हसले. मले इतकं बरं वाटलं. व्हिडिओ संपला अन् आपोआप पुढचा लागला.

पुढचा कोणता ते मले पहिल्या सेकंदातच समजलं. ग्राइंडर सुरू व्हायचा आवाज अन् वरून माहा आवाज, खुशीत: "तर मंडळी, ही आपली लंगडी. अन् हा लंगडीचा अंगठा. कोण्या वेल्डरनं दारू पिऊन लावला काय माहीत. आज याले कापूनच टाकू."

मी फोन घ्यायले हात पुढं केला. काकांनी पोरगीचं मनगट धरलं होतं. "थांब. चालू दे."

चालू राहिला. ग्राइंडरची किंकाळी, मग मी: "अबे, तुटतच नाही." परत ग्राइंडर. "डिस्क संपली. दुसरी लावते." परत. "काय लावलं याच्यात, लंगडी ऐकून नाही राहिली." परत. "तिसरी." पोरगी माह्याकडे पाहून राहिली होती, मी जमिनीकडे. शेवटी लोखंड फरशीवर पडल्याचा आवाज आला अन् मी ओरडली, "गेला अंगठा."

काकांनी मनगट सोडलं.

"तीन डिस्क?"

"हाओ काका."

"तिन्ही पूर्ण घासल्या?"

"तिसरी अर्धी राहिली."

काका मामाकडे वळले, म्हणजे जिकडे मामा बसले असतील असं वाटलं तिकडे. त्यायचा चेहरा इतका फुलला होता. "सांगत होतो न तुले? वेल्ड नाही तुटत. अडीच डिस्क लागल्या. खोटारड्या, तू मले म्हणून राहिला तुटलं." मग माह्याकडे, "अन् दारू मी नव्हती प्यायली बरं पोरी. दारू हा प्यायचा. मी फक्त याले घरी सोडायचो." त्यायनं चहा मागितला, थंड झाला होता तरी पूर्ण प्यायला, अन् पोरगीले अडीच डिस्क, अडीच डिस्क असं दोनदा सांगितलं.

मामा हसत नव्हते.

"लंगडी कोणाले म्हणून राहिली होती?" त्यायनं मले विचारलं. अगदी हळू, जसं काही पत्ता विचारून राहिले.

"गाडीले, मामा."

"गाडीलेच न?"

"हाओ."

"मग ठीक आहे."

निघताना दोघा दोस्तांनी हात मिळवले. गळ्यात बिळ्यात पडले नाही, त्यायच्यात तसं नाही. काका म्हणाले, "फोन करत जाजो." मामा म्हणाले, "तू उचलत जाजो." बस. मग रस्त्यावर येऊन मामा म्हणाले, "तू जाय. मी बसनं येतो."

"मामा, बसा न. उन्ह आहे."

"बस येतेच आहे."

पाय फेकत स्टॉपपर्यंत गेले. मी थांबली, गाडी बंद करून, वीस मिनिटं. बस आली. डावा पाय चढवाले त्यायले वेळ लागला, मागचे लोक थांबले, कंडक्टर काही तरी बोलला. मी आपली बसच्या मागं मागं गाडी चालवत आली, सगळा धूर खात. मामा ज्या खिडकीत बसले होते ती माह्या बाजूनं होती. त्यायनं एकदाही बाहेर पाहिलं नाही.

आठ दिवसांनी मामा आमच्याकडे आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत गाडीचं आरसी बुक अन् नाव बदलायचे फॉर्म. आई पोळ्या लाटून राहिली होती. मामानं सगळे कागद डायनिंग टेबलवर पसरवले अन् चष्मा लावला.

"भाऊ, कशाले?" आई म्हणाली. "राहू द्या न तुमच्याच नावावर."

"मी थोडीच चालवणार आता."

"मामा, मी परत बनवते तो ब्रेक," मी म्हटलं. "कळमेश्वरले कारखान्यात एक जण आहे, चांगलं वेल्डिंग करते. मी जाऊन आली त्याच्याकडे."

"माप सांगितलं त्याले?"

"कशाचं?"

"पट्टी किती लांब होती, किती वाकवली होती, केबलले ढील किती होती."

 अडीच डिस्क लावून कापली, पण एकदा मोजून नाही पाहिली. तुकडा भंगारवाल्याच्या पोत्यात गेला होता.

"माह्या दोस्तानं बारा वेळा बदलली होती ती," मामा म्हणाले. "दर वेळेस मले गाडीवर बसवून अंगठा धरून पाहायचा. आता त्याले दिसत नाही अन् तू गाडी घेऊन रायपूरले जाणार नाही." त्यायनं पेन उचललं. "इथं न सही?"

"मामा."

"इथं का खाली?"

"इथं."

त्यायनं सही केली, पूर्ण नावानं, सावकाश, मग दुसऱ्या पानावर. कागद माह्याकडे सरकवले अन् पेन त्याच्यावर ठेवला.

"रविवारी सांगजो तुह्या लोकांले," ते म्हणाले. "गाडी आता धडधाकट माणसाची आहे."

आईनं लाटणं थांबवलं होतं. ती माह्याकडे पाहून मान हलवून राहिली होती, नको, नको. आरसीवर माह्यं नाव असावं हे मी दोन महिने स्वप्नात पाहिलं होतं, लाइनीत गाडी उभी अन् कोणी विचारलं कोणाची तर माह्यी. मामा चष्मा काढून खिशात ठेवत होते अन् वाट पाहून राहिले होते.

मी सही केली. दोन ठिकाणी लागते. दोन्ही ठिकाणी केली.